ट्रायलला न आलेलं सरकार

दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी आमच्या पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या मुलांना राज्यघटना शिकवते. एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, पण खडू काही सुटला नाही. गेल्या रविवारी कार्यकारी मंडळ हा धडा होता. सुरुवातीला मी नेहमीचा प्रश्न टाकला: संसदेला एकदाही सामोरे न गेलेले पंतप्रधान कोण? पूर्ण वाक्य व्हायच्या आत पाच-सहा तोंडांतून उत्तर आलं, "चौधरी चरणसिंग!" हा एका गुणाचा प्रश्न आहे, सगळ्या गाईडमध्ये असतो.

मी पुढे जाणार इतक्यात उंडाळ्याहून एसटीनं येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, पण म्हणजे नक्की काय व्हायचं राहिलं?"

मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. 'सामोरे गेले नाहीत' हे आपण पाठ करतो, पण त्यामुळे लोकांच्या हातून काय गेलं ते सांगत नाही. तेव्हा वर्गात घाईघाईनं जे सांगितलं, ते इथे सावकाश लिहिते.

१९७९ साली मी सोळा वर्षांची होते. अण्णांचं शिलाईचं दुकान कराडात सोमवार पेठेत होतं. जून ते ऑगस्ट गणवेशांचा हंगाम, त्यामुळे शाळा सुटली की मी दुकानात काजं-बटणं करायला बसायची. दुकानात एक जुना मर्फी रेडिओ होता, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून अण्णांनी अस्तराच्या कापडाची खोळ शिवली होती. बातम्या लागल्या की मशीन थांबायचं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं असलं तरी बातम्या संपेपर्यंत हात वर करून उभंच राहायचं.

त्या जुलैत कराडकरांचे कान रेडिओला चिकटले होते, कारण प्रश्न घरचाच होता. मोरारजी देसाईंच्या जनता सरकारवर लोकसभेत अविश्वासाचा ठराव आणला होता तो विरोधी पक्षनेत्यांनी, म्हणजे आमच्या यशवंतराव चव्हाणांनी. कराडात त्यांना नावानं कोण म्हणतंय, 'साहेब'च. ११ जुलैला चर्चा सुरू झाली. १९७७ साली तीनशेच्या घरात जागा घेऊन आलेलं हे सरकार. ठराव मांडला तेव्हा ते पडेल असं आमच्या दुकानातल्या कुणालाच वाटलं नव्हतं. पण आठवडाभरात पक्षाची शिवणच उसवली. खासदार रोज बाहेर पडायला लागले, आणि खासदारांपाठोपाठ मंत्रीही. हेमवतीनंदन बहुगुणा गेले. जॉर्ज फर्नांडिस गेले.

जॉर्जचं जाणं अण्णांच्या फार जिव्हारी लागलं. अण्णा राष्ट्र सेवादलातले, समाजवादी. १९६७ साली मुंबईत स. का. पाटलांना पाडणारा जॉर्ज, १९७४ चा रेल्वे संप करणारा जॉर्ज, तुरुंगातून मुझफ्फरपूरची निवडणूक जिंकणारा जॉर्ज. त्याच जॉर्जनी अविश्वासाच्या चर्चेत उभं राहून सरकारची बाजू अशी काही मांडली की दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना अण्णांचा चेहरा फुलला होता. आणि आठवडा उलटायच्या आत तेच जॉर्ज सरकारमधून बाहेर. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. "बोलला एक आन् केलं एक," एवढंच म्हणाले. मला आज वाटतं, त्याहून वाईट पुढे झालं. १५ जुलैला, रविवारी, मोरारजींनी राजीनामा दिला आणि ठरावावर मत पडायची वेळच आली नाही. मत पडलं असतं तर जॉर्जना आपलं भाषण खरं की राजीनामा खरा, हे बटण दाबून सांगावं लागलं असतं. नुसत्या जॉर्जनाच नाही, त्या पाचशे-सव्वापाचशे माणसांतल्या प्रत्येकाला सांगावं लागलं असतं.

मग २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि साहेब उपपंतप्रधान झाले, गृहखातंही त्यांच्याकडे. कराडात पेढे वाटले गेले. आमच्या दुकानातही कुणीतरी पुडा आणून ठेवला. अण्णांनी मला एक दिला, स्वतः घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अजून बहुमत कुठं दावलंय?"

राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी चरणसिंगांना लोकसभेत बहुमत सिद्ध करायला सांगितलं होतं. सरकारला बाहेरून पाठिंबा इंदिरा गांधींचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध चरणसिंग आणि त्यांची मंडळी निवडून आली होती त्यांचाच. लोकसभा २० ऑगस्टला भरणार होती. त्यामधले तीन आठवडे मला आजही अस्वस्थ करतात. पंतप्रधान होते, मंत्री होते, फायलींवर सह्या होत होत्या, आणि हे सगळं कुणाच्या भरवशावर चाललंय हे एकदाही मोजलं गेलं नव्हतं. ११ ऑगस्टला गुजरातेत मच्छू नदीवरचं धरण फुटलं आणि मोरवी गाव वाहून गेलं, हजारो माणसं गेली. आम्ही कोयनेच्या काठची माणसं, धरण फुटलं म्हटल्यावर पोटात गोळाच आला. अशा वेळी देशाची लोकसभा भरलेली नव्हती. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून चरणसिंगांचं भाषण झालं, ते आम्ही दुकानात ऐकलं. देशाला उद्देशून ते बोलले, पण देशानं निवडून दिलेल्या सभागृहासमोर पंतप्रधान म्हणून त्यांचा एक शब्दही तोवर झाला नव्हता.

२० ऑगस्ट, सोमवार. इंदिरा गांधींच्या पक्षानं पाठिंबा देणार नाही असं कळवलं, आणि लोकसभेकडे जायच्या ऐवजी चरणसिंग राष्ट्रपती भवनात गेले, राजीनामा दिला, लोकसभा बरखास्त करायची शिफारस केली. दोन दिवसांनी लोकसभा बरखास्त झाली. जनता पक्षाचे नेते जगजीवनराम म्हणत होते मला संधी द्या, तेही राहिलं. आणि काळजीवाहू म्हणून तेच सरकार पुढे जानेवारी १९८० पर्यंत चाललं.

बातमी लागली तेव्हा अण्णा एका कोटाची कॉलर धरून बसले होते. कोटाला दोन ट्रायली असायच्या. आधी कच्चे टाके मारायचे, गिऱ्हाईकाला घालून उभं करायचं, खांद्यात कुठे ओढतोय, पाठीला कुठे फुगतोय ते खडूनं खुणवायचं, मग पक्की शिलाई. मापवहीत प्रत्येकाच्या नावापुढे 'ट्रायल' असा रकाना आखलेला असायचा आणि तारीख पडल्याशिवाय अण्णा पक्का टाका घालत नसत. बातम्या संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोट घालून लाल किल्ल्यावर गेला, पन ट्रायलला आलाच न्हाई."

साहेबांबद्दल ते काही बोलले नाहीत. तो पेढ्याचा पुडा मात्र तसाच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

यशवंतरावांविषयी माझ्या मनात आदरच आहे. महाराष्ट्र राज्याचे ते पहिले मुख्यमंत्री, प्रीतिसंगमावर त्यांच्या समाधीशी गेलं की आजही हात जोडले जातात. पण म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतं. ज्या माणसानं सरकारला सभागृहात जाब विचारायचा ठराव आणला, तोच माणूस महिनाभरात अशा सरकारात बसला जे सभागृहात गेलंच नाही. कराडच्या लोकांनी जानेवारी १९८० मध्ये साताऱ्यातून त्यांना पुन्हा निवडून दिलं, तो आमच्या जिव्हाळ्याचा भाग झाला. त्यानं हा प्रश्न मिटत नाही.

तर त्या मुलीचा प्रश्न. नक्की काय व्हायचं राहिलं?

घटनेच्या ७५ व्या कलमातलं तिसरं उपकलम सांगतं की मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल. राज्यासाठी हेच १६४ (२) मध्ये, विधानसभेला. मुलं हे कलम झोपेतही म्हणून दाखवतात. पण 'जबाबदार' या शब्दाच्या पोटात 'जबाब' आहे, आणि जबाब तोंडानं द्यायचा असतो, समोर उभं राहून. राष्ट्रपतींना दिलेलं दोन ओळींचं राजीनामापत्र हा जबाब नाही. सरकार का आलं, कशावर टिकलं होतं, कोण सोडून गेलं आणि का, हे सगळं ज्यांनी सरकार बनवलं त्या सभागृहात बोललं जावं, समोरच्यांनी ते खोडून काढावं, आणि मग प्रत्येकानं आपल्या नावानं एक बाजू घ्यावी. व्हायचं राहिलं ते हे.

ही 'नावानं बाजू घेण्याची' गोष्ट मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती १७ एप्रिल १९९९ ला. शनिवार होता. वार्षिक परीक्षेचे नववीचे पेपर घेऊन मी टीव्हीसमोर बसले होते आणि लाल पेन हातातच राहिलं. वाजपेयी सरकारला अण्णा द्रमुकनं दगा दिला होता. आधी त्यांचे मंत्री बाहेर पडले, मग पाठिंब्याचं पत्र मागे घेतलं गेलं. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना विश्वासदर्शक ठराव मांडायला सांगितलं आणि वाजपेयींनी तो मांडला. बसपाचे खासदार तटस्थ राहणार अशी हवा होती, ते विरोधात गेले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश मोडून विरोधात गेले. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी अजून खासदारकी सोडली नव्हती, त्यांनी मत द्यावं की नाही यावर वाद झाला आणि अध्यक्ष बालयोगींनी ते त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवलं. त्यांनी मत दिलं.

लोकसभेत मतविभागणी कशी होते ते मुलांना मी करून दाखवते. साडेतीन मिनिटं घंटा वाजते, संसद भवनात कुठेही असलेला खासदार आत यावा म्हणून. मग लॉबीची दारं बंद. ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरच बसायचं. ठोका पडला की एका हातानं कळ दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं हिरवं, लाल किंवा पिवळं बटण. दुसरा ठोका पडेपर्यंत दोन्ही हात तसेच दाबून ठेवायचे. दोन्ही हात गुंतलेले! फोन कानाला लावता येत नाही, शेजाऱ्याच्या कानात बोलता येत नाही. त्या काही सेकंदांत खासदार आणि त्याचं मत एवढंच उरतं. आणि नंतर छापील कामकाजात 'होकारार्थी' आणि 'नकारार्थी' अशा दोन याद्यांमध्ये प्रत्येकाचं नाव कायमचं बसतं.

त्या शनिवारी फलकावर आकडे आले, २६९ विरुद्ध २७०. एका मतानं सरकार गेलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. मतदारानं वर्षभरापूर्वी दिलेला कौल असा वाहून जावा याचंही, आणि पुन्हा निवडणुकीचा खर्च याचंही. पण आज पंचवीस वर्षांनंतर कुणीही विचारावं की वाजपेयींचं सरकार कुणी पाडलं, तर त्याचं उत्तर आहे. २७० नावं आहेत. त्यांतल्या कुणालाही आपल्या गावात 'मी नव्हतो' असं म्हणता येत नाही. बाजूनं बोललेल्या माणसानंच बाजूनं मत दिलं का, हेही ताडून पाहता येतं. पुढच्याच महिन्यात कारगिल सुरू झालं आणि काळजीवाहू सरकारनं ते युद्ध लढलं. तेव्हा विरोधक राज्यसभेचं खास अधिवेशन मागत होते, ते सरकारनं बोलावलं नाही. मला तेही पटलेलं नाही. लोकसभा नसली तरी राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही, ती अशाच वेळी उपयोगी पडायला हवी.

आता कुणी म्हणेल, हरणार हे ठरलेलंच असताना सभागृहात जायचं कशाला? वर्गातही एका मुलानं हेच विचारलं. "मॅडम, रिझल्ट माहीत असला तर पेपर कशाला लिहायचा?" मी त्याला विश्वनाथ प्रताप सिंगांचं सांगितलं. भाजपनं पाठिंबा काढल्यावर सरकार वाचणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी ७ नोव्हेंबर १९९० ला ते लोकसभेत गेले, मंडलवर आणि अयोध्येवर आपण काय केलं ते बोलले, आणि १४२ विरुद्ध ३४६ असे हरले. देवेगौडाही एप्रिल १९९७ मध्ये गेले आणि १५८ विरुद्ध २९२ नी हरले. त्या दिवसांची भाषणं आज वाचायला मिळतात. सरकार कुठल्या मुद्द्यावर गेलं हे नातवंडांना सांगता येतं. १९७९ च्या ऑगस्टचं असं काही वाचायला मिळत नाही, कारण बोललंच गेलं नाही.

सरकारचं झालं, आता मंत्र्यांचं. मंत्री सोडून जातो तेव्हा त्यानं काय करावं? लोकसभेच्या नियमावलीत १९९ वा नियम आहे. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीनं सभागृहात निवेदन करता येतं, आपण का गेलो ते सांगता येतं. हा नियम मला फार आवडतो आणि त्याच्यामागे दोन मराठी माणसांची आठवण आहे.

पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, त्यावरून त्यांनी २७ सप्टेंबर १९५१ ला कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला ते सभागृहात निवेदन करायला उभे राहिले, तर उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी द्या म्हणून सांगितलं आणि वेळही संध्याकाळची दिली. ज्यांनी घटनेचा मसुदा केला त्यांच्याकडून त्यांचे शब्द आधी तपासायला मागितले गेले! बाबासाहेबांनी ते मानलं नाही, ते बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. ते आज वाचलं तरी अंगावर काटा येतो, कारण त्यात कारणं एक, दोन, तीन अशी मांडलेली आहेत. मागासवर्गीयांकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड, सगळं. कुठेही 'वैयक्तिक कारणास्तव' नाही.

दुसरे चिंतामणराव, म्हणजे सी. डी. देशमुख. देशाचे अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि २५ जुलै १९५६ ला लोकसभेत उभं राहून निवेदन केलं. मुंबईतल्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी का होत नाही हे विचारलं. आणि मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करताच पंतप्रधानांनी जाहीर केला, असा थेट आरोप केला. म्हणजे सामुदायिक जबाबदारीचं कलम त्यांनी नेहरूंसमोर, नेहरूंच्या सभागृहात, नेहरूंनाच दाखवलं. सरकार काही पडलं नाही, बहुमत प्रचंड होतं. पण आमच्या आधीच्या पिढीतली माणसं सी. डीं.चं नाव काढताना आवाज खाली आणायची, ते त्या एका निवेदनामुळे.

याच्याशी १९७८ चा जुलै ताडून पाहा. मुंबईत वसंतदादा पाटलांचं सरकार, दोन काँग्रेसचं मिळून झालेलं, मार्चमध्ये आलेलं. अधिवेशन चालू होतं. शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले, सहकारी मंत्रीही त्यांच्याबरोबर गेले, सरकार अल्पमतात आलं आणि वसंतदादांनी राजीनामा दिला. १८ जुलैला पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. या घटनेतलं महाराष्ट्राला काय आठवतं? एक शब्द, 'खंजीर'. सांगली-साताऱ्याकडे आजही पारावर वाद घातला जातो की तो पाठीत खुपसला की नाही. कोणी म्हणतं दादांना दगा दिला, कोणी म्हणतं उपमुख्यमंत्री तिरपुड्यांच्या जाचाला कंटाळून सगळं झालं. शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं हा वाद चाललाय, आणि तो मिटत नाही याचं कारण मला वाटतं हेच की विधानसभेत समोरासमोर त्याची वाच्यता होऊन, नावानिशी मतं पडून, त्याचा निकाल लागला नाही. कामकाजाच्या पानावर जे आलं नाही ते पारावर गेलं.

सभागृहात न मोजता बाहेरच मोजायचं ठरवलं की काय होतं ते कर्नाटकात १९८९ साली दिसलं. एस. आर. बोम्मईंच्या सरकारचा पाठिंबा काढल्याची एकोणीस आमदारांची पत्रं एका आमदारानं राज्यपालांना नेऊन दिली. लगेचच त्यांतले सात जण म्हणाले, आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या. बोम्मई म्हणत होते, विधानसभा बोलावतो, तिथे मोजा. राज्यपालांनी ऐकलं नाही, सरकार बरखास्त झालं. पाच वर्षांनी, ११ मार्च १९९४ ला, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, सभागृहात ठरलं पाहिजे. मी मुलांना हा निकाल शिकवताना सांगते, सह्या मोजायच्या नाहीत, माणसं मोजायची. सही कुणीही कुठेही करून घेतं. माणसाला उभं राहावं लागतं.

आणि मग आपल्याकडचा जून २०२२. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण घराघरांत यावरून भांडणं झालेली आहेत, आमच्याही घरात. तरी लिहिते. २१ जूनला सकाळी कळलं की एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला गेले. तिथून गुवाहाटी. बघता बघता मंत्रिमंडळातले नऊ मंत्री तिकडे, आणि त्यांची खाती २७ जूनला इथे दुसऱ्यांना वाटून दिली गेली. विधानसभेचं अध्यक्षपद तर फेब्रुवारी २०२१ पासून रिकामंच होतं. पेरणीचे दिवस, आमच्याकडे सोयाबीन-भुईमुगाची घाई, आणि राज्याचे मंत्री परराज्यातल्या हॉटेलात. त्या आठ-नऊ दिवसांत आम्ही त्यांना टीव्हीवर पाहिलं, हॉटेलच्या दारात पाहिलं, विमानात चढताना पाहिलं. विधानसभेत उभं राहून 'मी या सरकारमधून का निघालो' हे सांगताना एकालाही पाहिलं नाही. पक्षाशी न पटणं हा गुन्हा नाही. पण देशमुख ज्या राज्यासाठी लोकसभेत उभे राहिले त्या राज्याच्या मंत्र्यांनी निदान तेवढं तरी करायचं होतं.

२८ जूनला राज्यपालांनी बहुमत चाचणीचं पत्र काढलं, ३० तारखेला सकाळी अकरा वाजता. २९ ला रात्री सुप्रीम कोर्टानं चाचणीला स्थगिती नाकारली आणि काही वेळातच उद्धव ठाकरेंनी फेसबुकवरून बोलून राजीनामा जाहीर केला. मी ते भाषण जागी राहून ऐकलं. बोलणं साधं होतं, घरातल्या माणसासारखं होतं, शेजारची वहिनी डोळे पुसत होती. मला मात्र अण्णांचा मापवहीतला रकाना आठवत होता. मनात म्हणत होते, हेच उद्या अकरा वाजता विधानसभेत बोला. हरा, पण तिथे हरा. ज्यांनी सोडलं त्यांना तुमच्या डोळ्यांत बघून मत द्यायला लावा.

११ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल आला. पाच न्यायाधीश, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. राज्यपालांनी चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, त्यांच्यापुढे तसा पुरेसा आधार नव्हता, असं कोर्टानं स्पष्ट म्हटलं. आणि पुढे म्हटलं की पण ठाकरे चाचणीला सामोरेच गेले नाहीत, त्यांनी राजीनामा दिला, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही. मी तो भाग दोन-तीनदा वाचला. सभागृहात न जाण्यानं फक्त भाषण राहून जात नाही, तर आपल्यावर अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त होण्याची वाटही बंद होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं. १९७९ च्या नागरिकशास्त्रात हे नव्हतं. आता मी ते शिकवते.

नव्या सरकारची चाचणी ४ जुलै २०२२ ला झाली. १६४ विरुद्ध ९९. त्यात शिरगणती झाली, आमदार एकेक करून उभे राहून मोजले गेले. मुलांना ते चित्रीकरण दाखवते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. आपल्या तालुक्याचा आमदार उभा राहिला की मुलं पुढे वाकून बघतात. अनुपस्थित कोण होतं तेही शोधतात, आणि का नव्हतं हे विचारतात. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना १६४ (२) जेवढं कळतं तेवढं माझ्या दहा तासांनी कळत नाही.

उंडाळ्याच्या मुलीनं वर्ग संपल्यावर माझ्याकडून १९९९ ची यादी मागून घेतली. लोकसभेची जुनी कामकाजं आता इंटरनेटवर मिळतात, मी छापून ठेवलेली आहे. तिनं महाराष्ट्रातली नावं पेन्सिलीनं वेगळी करायला घेतली. मग म्हणाली, "आणि १९७९ ची?" मी म्हटलं, "ती नाही गं. मतच पडलं नाही." तिनं वहीत १९७९ लिहिलं होतं, त्याच्यापुढे जागा तशीच सोडली आणि पुढच्या ओळीवर १९९० लिहिलं.

पुढच्या रविवारी २२ जुलै २००८ चा मनमोहन सिंग सरकारचा विश्वासदर्शक ठराव घेणार आहोत. २७५ विरुद्ध २५६, अणुकरार, आणि सभागृहात आणलेली नोटांची बंडलं. मुलांना सांगितलंय, येताना अविश्वास प्रस्ताव आणि विश्वासदर्शक ठराव यांतला फरक वाचून या, पन्नास सदस्यांची अट कुठल्याला लागते ते शोधून या. उंडाळे गाडीला उशीर झाला तर थांबू, असंही ठरलंय.